पाळण्याची दोरी आणि कराचा हिशेब

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी होड्या लागतात, तेव्हा मासळीच्या लिलावाला उभ्या राहिलेल्या बायकांपैकी कित्येकींची मुले दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीवर असतात. कुडाळच्या वा कणकवलीच्या इस्पितळात पाळीवर जाणारी परिचारिका, काजूच्या कारखान्यात बी फोडणारी मजूर बाई, तारकर्ली-देवबागला पाहुण्यांच्या जेवणासाठी चुलीशी उभी असणारी घरमालकीण, या सर्वांच्या दिवसाचा आरंभ एकाच प्रश्नाने होतो : मूल कोणापाशी ठेवायचे? उत्तर बहुधा नात्यातच मिळते. सासू, आई, नणंद, पलीकडच्या वाडीतली विधवा मावशी. अलीकडे या उत्तराच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न येतो व तो बहुतेक वेळा हळू आवाजात विचारला जातो. त्या नातेवाईक स्त्रीच्या हातावर महिन्याकाठी जे दोन, चार, पाच हजार रुपये ठेवले जातात, ते कायद्याच्या दृष्टीने काय? भेट, पगार, की पोटगी? त्यावर कर लागतो काय, आणि लागत असल्यास तो भरायचा कोणी?

प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे करपद्धतीला कोणाचे श्रम दिसतात व कोणाचे दिसत नाहीत, हे फार स्पष्टपणे समोर येते. म्हणून कार्यकर्त्यांनी तो दोन्ही अंगांनी समजून घेणे अगत्याचे आहे : विचारणाऱ्या घराला आज नेमके काय सांगावे, आणि उद्यासाठी कोणती मागणी उभी करावी.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले, भाषा थोडी सोपी झाली. परंतु येथे प्रस्तुत असलेली तत्त्वे बदललेली नाहीत. पहिले तत्त्व असे की, श्रमाच्या मोबदल्यात मिळणारे पैसे हे उत्पन्न होय, मग देणारा परका असो वा पोटचा. नाते आहे म्हणून वेतनाचे वेतनपण नाहीसे होत नाही. दुसरे तत्त्व असे की, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता दिलेली रक्कम ही भेट होय आणि कायद्याने मानलेल्या नातेवाइकाकडून आलेली भेट, ती कितीही असली तरी, घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जात नाही. नातेवाइकाबाहेरच्या व्यक्तींकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा अधिक भेट मिळाली तर मात्र ती सगळीच्या सगळी रक्कम उत्पन्न ठरते, केवळ वरचा भाग नव्हे.

आता हे 'कायद्याने मानलेले नातेवाईक' म्हणजे कोण, हे पाहण्यासारखे आहे. घेणाऱ्या व्यक्तीचा पती वा पत्नी, भाऊ-बहीण, पतीचे वा पत्नीचे भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, स्वतःच्या व जोडीदाराच्या सरळ वंशातील वरची व खालची माणसे, आणि या सर्वांचे जोडीदार. या यादीप्रमाणे मुलीने आईला दिले, सुनेने सासूला दिले, भावजयीने नणंदेला दिले, तर ते नातेवाइकाकडून आलेले ठरते. परंतु भाचीने मावशीला दिले तर ठरत नाही! मावशीने भाचीला दिलेली भेट करमुक्त आहे, कारण मावशी ही आईची बहीण आहे व ती भाचीच्या यादीत आहे. उलट मावशीच्या यादीत बहिणीची मुलगी कोठेच नाही. चुलत व मावस भावंडे तर दोन्ही बाजूंनी परकी. ज्या कोकणात चुलत्याची मुले एकाच परसात वाढतात व मावशीला दुसरी आई म्हणतात, तेथे कायद्याची नात्याची वही ही अशी आहे. संपत्ती वरच्या पिढीकडून खालच्या पिढीकडे जाते, एवढेच गृहीत धरून ती लिहिलेली दिसते. खालच्या पिढीने वरच्या पिढीतील निराधार बाईच्या हातावर काही ठेवावे, ही कल्पना ती लिहिणाराला सुचलेली नाही.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो? समजा, एका शिक्षिकेने आपल्या सासूला महिना चार हजार दिले. सासू त्याच घरात राहते, एकाच चुलीवर जेवते, मूल सांभाळण्याचा कोणताही ठराव नाही. हे घरखर्चाचे व आपुलकीचे पैसे होत. त्यांच्यावर कर नाही, विवरणपत्राची गरज नाही. समजा, तिने वेगळ्या घरी राहणाऱ्या मावशीला सकाळी आठ ते सायंकाळी पाच मूल सांभाळण्यासाठी महिना पाच हजार ठरवून दिले. हे वर्षाचे ६०,००० रुपये झाले आणि ते मावशीचे उत्पन्न झाले, मग त्याला वेतन म्हणा की भेट म्हणा. परंतु २०२५-२६ पासूनच्या नव्या पद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावरील कर सवलतीने शून्य होतो. तेव्हा मावशीचे दुसरे उत्पन्न नसेल तर तिला काहीच भरावयाचे नाही. देणाऱ्या भाचीवर कर कापून घेण्याचे बंधन नाही, कारण पगारातून कर कापावयाचा तो पगार करपात्र मर्यादा ओलांडील तेव्हाच. राज्याच्या व्यवसाय कराचे पाहावे तर स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपये वेतनापर्यंत तो माफ आहे.

एकच प्रसंग सावधगिरीचा. समजा, ती मावशी निवृत्त शिक्षिका असून तिला महिना ३६,००० रुपये निवृत्तिवेतन आहे. वर्षाचे ४,३२,००० झाले. त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ३,५७,००० उरले. त्यात मूल सांभाळण्याचे ६०,००० मिळविले की ४,१७,००० होतात. चार लाखांची रेषा ओलांडली, म्हणून विवरणपत्र भरणे बंधनकारक झाले. मात्र सवलतीमुळे कर शून्यच राहिला. कागद भरावा लागेल, पैसा नाही. जी घरे भीतीपोटी असे व्यवहार लपवितात, त्यांना कार्यकर्त्यांनी हे शांतपणे समजावून सांगितले पाहिजे. खरे बोलण्याची किंमत येथे काहीच नाही.

येथपर्यंत पाहिले तर वाचक म्हणेल की मग तक्रार कसली? कर तर कोणालाच लागत नाही. परंतु कराचे ओझे केवळ प्राप्तिकराच्या कायद्यात शोधणारा माणूस गरिबावरील कर कधीच पाहू शकत नाही. गरिबावरचा कर दुसऱ्या दरवाजाने येतो.

त्याच पलीकडच्या वाडीत सदुसष्ट वर्षांची एक विधवा बाई राहते असे धरा. जमीन नाही, मुलगा नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून तिला महिना १,५०० रुपये मिळतात. जुलै २०२३ पूर्वी ते हजार होते. या योजनेची अट अशी की, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे. म्हणजे महिना १,७५० रुपये. ही बाई भाचीचे मूल सांभाळू लागली व भाचीने प्रामाणिकपणे महिना २,००० रुपये द्यावयाचे ठरविले. वर्षाचे २४,००० झाले. नियम अक्षरशः लावला तर तिचे वर्षाचे १८,००० रुपयांचे निवृत्तिवेतन बंद होते. चोवीस हजार कमावले व अठरा हजार गमावले. वर्षभर रोज नऊ तास मूल अंगाखांद्यावर खेळविल्याचे निव्वळ फळ सहा हजार रुपये. अर्थशास्त्राच्या भाषेत हा शेकडा ७५ दराचा कर झाला. ज्याचे उत्पन्न १२ लाख आहे त्याला प्राप्तिकर शून्य, आणि जिचे उत्पन्न २४ हजार आहे तिच्यावर पंच्याहत्तर टक्के! देशातील कोणत्याही धनिकाच्या प्राप्तिकराचा दर आज याच्या जवळपासही नाही. त्याच्यासाठी वकील व लेखापाल अर्ज करतात. हिच्यासाठी तलाठ्याच्या दाखल्यावरचा आकडा बोलतो.

याचा परिणाम ठरलेलाच आहे. बाई पैसे घेते, पण सांगत नाही. भाची देते, पण लिहीत नाही. व्यवहार अंधारात गेला म्हणजे त्यातला दुबळा पक्ष अधिक दुबळा होतो. मूल शाळेत जाऊ लागले, पैसे थांबले, गुडघे धरले, तरी त्या पाच वर्षांच्या श्रमाची नोंद कोठेही नाही. ती काम करीत होती हे सिद्ध करणारा एक चिटोरासुद्धा नाही. नियमाने तिला खोटे बोलावयास लावले, आणि त्या खोट्याची शिक्षाही तिच्याच वाट्याला ठेवली.

आता देणारीच्या बाजूने पाहू. तारकर्लीची ती घरमालकीण घ्या. पाहुण्यांचे जेवण करण्यासाठी तिने सख्ख्या बहिणीला पगारावर ठेवले तर तो पगार धंद्याचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होतो. नातेवाइकाला दिलेली रक्कम वाजवीपेक्षा अधिक आहे असे अधिकाऱ्याला वाटले तर तेवढी वरची रक्कम तो नाकारू शकतो. वाजवी पगार नाकारीत नाही. पाहुण्यांना आणणाऱ्या गाडीची झीजसुद्धा वजा मिळते. परंतु दुसऱ्या बहिणीने तिचे तान्हे मूल सांभाळले नाही तर पहिला भातसुद्धा शिजणार नाही, आणि त्या दुसऱ्या बहिणीला दिलेला पैसा मात्र 'वैयक्तिक खर्च' म्हणून बाजूला काढला जातो. पगारदार स्त्रीला तर एवढाही आधार नाही. जुन्या पद्धतीत शाळेच्या शिकवणी शुल्काला दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत वजावट आहे. मूल सांभाळणाऱ्या माणसाच्या वेतनाला कोणत्याच पद्धतीत नाही. एके काळी स्त्री करदात्यांसाठी करमुक्त मर्यादा थोडी अधिक असे. २०११-१२ मध्ये पुरुषाला १,८०,००० तर स्त्रीला १,९०,००० अशी ती होती. २०१२-१३ पासून तो दहा हजारांचा फरकही समानतेच्या नावाने पुसला गेला. पाळणा मात्र समान वाटला गेला नाही.

तो किती असमान आहे याचे सरकारी प्रमाण उपलब्ध आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. मुले, म्हातारे व आजारी यांची बिनमोल काळजी घेणाऱ्यांत स्त्रीची १३४ मिनिटे, पुरुषाची ७६. आणि हे पुरुषांचे आकडे जे पुरुष असे काम करतात त्यांचेच आहेत. मुळात करणारे थोडे. सिंधुदुर्गात तर या असमानतेला स्थलांतराची जोड आहे. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. यामागे मोठा वाटा आहे तो मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या नातवंडे गावी आजीपाशी वाढली आणि मुंबईहून मनीऑर्डर आली. त्या मनीऑर्डरीत आईवडिलांच्या निर्वाहाचे किती, शेताच्या मशागतीचे किती व मुलाला वाढविण्याच्या मजुरीचे किती, हे कोणी वेगळे केले नाही. सगळ्याला एकच नाव होते : घरचे पैसे. आता प्रवाह उलटाही वाहतो. डोंबिवलीच्या वा पुण्याच्या सुनेचा पाळणा हलविण्यासाठी मालवणची आजी शहरात जाते, कधी कधी समुद्रापलीकडेही जाते. कुळागर, गुरे, गावातले आपले माणूसपण सोडून ती जाते, आणि तिच्या या कामाला आजही नाव नाही.

नाव नसण्याचे मूळ अर्थशास्त्राच्या ग्रंथांतच आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच या विसंगतीकडे लक्ष वेधले होते : एखाद्या गृहस्थाने आपल्या घर सांभाळणाऱ्या नोकर बाईशी लग्न केले तर काम तेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. मार्गारेट रीड या विदुषीने १९३४ मध्ये कसोटी सुचविली की, जे काम दुसऱ्या माणसाला पैसे देऊन करवून घेता येते ते उत्पादक काम होय. या कसोटीने मूल सांभाळणे हे निर्विवाद उत्पादक श्रम आहे. तरीही राष्ट्रीय हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पगारी आयेचे काम धरले जाते आणि बिनपगारी आजीचे सोडले जाते. आपल्याकडे इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा 'श्रमशक्ती' अहवाल १९८८ मध्ये आला, त्याने असंघटित स्त्रियांचे घरातले व घराबाहेरचे काम एकत्र पाहण्याचा आग्रह धरला. अहवाल गाजला, हिशेबाची वही तशीच राहिली. कामगार कायद्यांचीही तीच दृष्टी. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच अशी तरतूद होती की, मालकाबरोबर राहणाऱ्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्या कुटुंबीयाला द्यावयाच्या वेतनाला तो कायदा लागू नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वेतन संहितेने त्याची जागा घेईपर्यंत, स्वातंत्र्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत, ही रेषा तशीच होती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो घेणारे सगळेच प्रतिगामी असतात असे नाही. पुष्कळदा तो स्वतः आजीच घेते : "आपल्याच नातवाक सांभाळूक पैसे कसले घेवचे?" या उद्गारात जो मोठेपणा आहे त्याचा उपहास कोणी करू नये. घरातल्या प्रत्येक मायेला दरपत्रक लावावे अशी मागणी कोणी करीत नाही. बाजाराने आजवर जे जे गिळले त्यात आजीची मांडीही जावी, हे तर समाजवादी विचाराला मुळीच अभिप्रेत नाही. परंतु माया व श्रम यांत भेद आहे. माया मोजता येत नाही. श्रमाने मात्र कंबर दुखते, रोजगार बुडतो, बाजारचा दिवस चुकतो. आजी मायेची किंमत घेत नाही म्हणून समाजाने तिच्या श्रमाची नोंदही घेऊ नये, हा न्याय नव्हे, ही सोय आहे.

शिवाय ज्या श्रमाची किंमत करता येत नाही असे म्हणतात, तिची किंमत आपली न्यायालये करीतच आली आहेत. फक्त बाई मेल्यानंतर. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. नुकसानभरपाईच्या त्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले आणि ६२ ते ७२ वर्षांच्या वृद्ध स्त्रियांच्या सेवेचे वर्षाला २०,०००. जानेवारी २०२१ मधील कीर्ती खटल्यात त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य नाही ही समजूत टाकून दिली पाहिजे. मृत आजीच्या श्रमाला आकडा लावताना ज्या व्यवस्थेची जीभ अडखळत नाही, तिने जिवंत आजीच्या बाबतीत कानांवर हात ठेवावेत, हे कोणत्या तर्कात बसते?

परदेशांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत आणि त्यांतून शिकण्यासारखे आहे. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आईबापांनी आजीला पैसे देऊन मूल सांभाळवले तर, ती त्यांच्यावर अवलंबून नसल्यास, त्यांना करात सवलत मागता येते. आजीने मात्र ते उत्पन्न म्हणून दाखवावयाचे. पण तेथेच एक गोम आहे. स्वतःच्या आईला दिलेल्या अशा वेतनावर सामाजिक सुरक्षेची वर्गणी सामान्यतः भरली जात नाही, म्हणजे म्हातारपणाच्या हक्कात ते काम मोजले जात नाही. देणाऱ्याला सवलत, करणारीला काही नाही. ब्रिटनने एप्रिल २०११ पासून वेगळी वाट धरली. बारा वर्षांखालील नातवंड सांभाळणाऱ्या, पण निवृत्तीच्या वयाला न पोहोचलेल्या आजी-आजोबांच्या नावावर राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरल्याची नोंद होऊ शकते, जेणेकरून पुढे त्यांचे निवृत्तिवेतन कमी होणार नाही. स्वीडनने जुलै २०२४ पासून आईबापांच्या पगारी बालसंगोपन रजेतील काही दिवस आजी-आजोबांना वा अन्य व्यक्तीला देण्याची मुभा दिली. पहिल्या देशाने करदात्याकडे पाहिले, पुढच्या दोघांनी श्रम करणाऱ्याकडे. हा फरक लक्षात ठेवावा.

कारण आपल्याकडेही आता, नोकरदार मातांना मूल सांभाळण्याच्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट द्या, अशी मागणी होते. मागणी अन्यायाची नाही. पण तिच्यावर सगळी शक्ती खर्च करणे चुकीचे ठरेल. बारा लाखांपर्यंत कर नसलेल्या पद्धतीत अशी वजावट फक्त वरच्या थराला पोहोचेल. काजू फोडणारीला ती काय कामाची? मासे विकणारीला काय कामाची? ज्यांच्यावर करच नाही त्यांना वजावट देणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीतले पान उचलण्याची सूट देणे. शिवाय नात्यातल्या नात्यात खोट्या पगारांच्या पावत्या फाडून उत्पन्न वाटून टाकण्याची कला धनिक घराण्यांना पूर्वीपासून अवगत आहे. तिला नवे क्षेत्र मिळेल. करसवलत ही ज्याच्याकडे आहे त्याला देण्याची रीत आहे. सार्वजनिक सेवा ही ज्याला हवे आहे त्याला देण्याची रीत आहे.

आणि या दुसऱ्या रीतीचा धडा महाराष्ट्राने स्वतःच घालून दिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना विस्तारली. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला : शहरातल्या पगारदाराने महिन्याला थोडे द्यावे आणि गावातल्या माणसाच्या हाताला काम मिळावे. कर व श्रम यांचे इतके स्वच्छ नाते देशात क्वचितच जोडले गेले. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत असे लिहिले गेले की, कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यातील एका स्त्रीला मुले सांभाळण्यासाठी नेमावे व तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. त्या एका वाक्यात क्रांती होती! खड्डा खणणे व मूल सांभाळणे ही दोन्ही समान मजुरीची कामे आहेत, हे राज्याने कबूल केले होते. अंमलबजावणी बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली हे खरे, पण तत्त्व नवे शोधण्याची गरज नाही. ते पुन्हा हाती घेण्याची गरज आहे.

कोकणी माणसाला तर ते समजावूनही द्यावे लागू नये. रापणीचे जाळे ओढताना दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा धरला जातो. घरच्या अर्थकारणाच्या रापणीतही दोर ओढणाऱ्या अनेक आहेत. त्यांतली जी पाळण्याची दोरी ओढते, तिच्या वाट्याचे काय, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनांची २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आजच्या किमतींशी सुसंगत करावी. आणि मर्यादा ओलांडताच सर्व रक्कम बंद करण्याऐवजी ती टप्प्याटप्प्याने कमी व्हावी, मूल सांभाळण्याचे अल्प वेतन तर उत्पन्नात धरूच नये. दुसरी, भेटीच्या तरतुदीतील नातेवाइकांच्या यादीत भाचरे व पुतणी यांचा समावेश करून मावशी, आत्या, काकू यांच्यावरील विषमता दूर करावी. तिसरी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्यांना पूर्ण वेळेच्या पाळणाघरांची जोड गावोगाव द्यावी. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडी-पाळणाघराची कल्पना आहेच. मात्र तिची वेळ कार्यालयाच्या घड्याळाने नव्हे, तर होडी लागण्याच्या व कारखान्याच्या भोंग्याच्या वेळेने ठरली पाहिजे. चौथी, अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना मानधन नव्हे, वेतन द्यावे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा उपदानाचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांनी दीर्घ संप करून उरलेल्या हक्कांसाठी झुंज दिली. मूल सांभाळण्याचे काम सरकारच 'मानधना'वर भागवीत असेल, तर घराने त्याला वेतन म्हणावे असे कोणत्या तोंडाने सांगावे? पाचवी, जी स्त्री नात्यातले मूल सांभाळते तिच्या नावे राज्याने म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनात ठरावीक वर्गणी भरावी.

आणि मागण्यांबरोबर आचारही हवा. ज्या घरात मूल सांभाळण्याचे पैसे दिले जातात त्या घराने ते बँकेतून द्यावेत, एका साध्या कागदावर कामाचे तास व रक्कम लिहून ठेवावी, पगाराला पगार व भेटीला भेट म्हणावे. आईवडिलांना जेवूखाऊ घालणे हे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याप्रमाणे मुलांचे कर्तव्यच आहे. तेव्हा आजीची दोन वेळची भाकरी तिच्या मजुरीत धरू नये. हा खर्च 'आईच्या पगारातून' जातो ही भाषा बंद व्हावी. मूल दोघांचे आहे, खर्चही दोघांचा आहे. आणि श्रावणबाळ योजनेतील बाई पुढे आली तर कार्यकर्त्यांनी तिला लपवाछपवी शिकवू नये. तिचे प्रकरण घेऊन तहसील कचेरीत उभे राहावे, तो पंच्याहत्तर टक्क्यांचा हिशेब कागदावर मांडून अधिकाऱ्यापुढे व आमदारापुढे ठेवावा. अशी दहा प्रकरणे एका तालुक्यातून नावनिशीवार नोंदली गेली, तर शंभर ठरावांपेक्षा त्यांचे वजन अधिक पडेल.

या किनाऱ्याने, म्हणजे त्या वेळच्या राजापूर मतदारसंघाने, बॅ. नाथ पै व प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले. दंडवते अर्थमंत्री झाले आणि १९९० च्या अर्थसंकल्पात त्यांनी प्राप्तिकराची मर्यादा १८,००० वरून २२,००० रुपयांवर नेली. आज, साडेतीन दशकांनंतर, ती मर्यादा लाखांत गेली आहे, आणि निराधार म्हातारीची उत्पन्नमर्यादा मात्र २१,००० वर आहे : त्या वेळच्या करदात्याच्या मर्यादेपेक्षाही हजार रुपयांनी खाली. पस्तीस वर्षांत कोणाची रेषा सरकली व कोणाची सरकली नाही, हे या दोन आकड्यांत सामावले आहे. ती रेषा सरकविणे हे काम आहे, आणि ते मालवणच्या कोणत्याही वाडीतून सुरू करता येईल.